रिकामे अंगण : दिल्लीची जामा मशीद आणि छायाचित्र

वास्तूचे छायाचित्र हा तिच्या सौंदर्याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय, असे आपण सहसा गृहीत धरतो. चित्रकाराने काढलेल्या चित्रात त्याचा हात असतो, कवीच्या वर्णनात अतिशयोक्ती असते; छायाचित्रात मात्र वस्तू जशी आहे तशीच उमटते, अशी ही समजूत आहे. मशिदींच्या बाबतीत ती विशेष बळकट झाली. त्याचे कारण उघड आहे. मशिदीत मूर्ती नाही, कथाशिल्प नाही. कमान, घुमट, मिनार आणि अंगण यांची प्रमाणबद्ध रचना हेच तिचे बाह्य रूप, आणि भिंगाला प्रमाणबद्धता फार मानवते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत उपखंडातील मशिदींची जी प्रतिमा शिक्षित मनात रुजली, ती प्रामुख्याने छायाचित्रांनी घडविली आहे. ही प्रतिमा घडताना कोणती किंमत मोजली गेली, आणि जे वगळले गेले ते साहित्यात कोठे आढळते, याचा विचार दिल्लीच्या जामा मशिदीपुरता करण्याचा येथे हेतू आहे.

जामा मशीद १६५० ते १६५६ या काळात शाहजहानने बांधविली. भोजला नावाच्या टेकडीवर ती उभी आहे. तिचे मूळ नाव 'मस्जिद-ए-जहाँनुमा'. या नावाचा शब्दार्थ मोठा अर्थपूर्ण आहे. जहाँनुमा म्हणजे जग दाखविणारी. जगाने जिला पाहावे ती ही मशीद नव्हे. जिच्यावरून जग दिसते ती ही मशीद. छायाचित्राने हा संबंध उलटा केला, आणि पाहणारा बाहेर, दूर, समोर उभा राहिला.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि लवकरच हिंदुस्थानात पोचली. १८५० च्या सुमारास आग्र्याचा डॉक्टर जॉन मरे याच्यासारखे लोक मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर वास्तूंची छायाचित्रे घेत. या पद्धतीत भिंगाचे झाकण कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जे हलत असेल ते कागदावर उमटत नसे, किंवा धुरकट डाग होऊन राही. आता मशिदीत काय चालते याचा विचार करावा. मनुष्य हौदावर बसून वजू करतो, उठतो, रांगेत उभा राहतो, कमरेत वाकतो, गुडघ्यांवर येतो, कपाळ टेकतो आणि पुन्हा उठतो. नमाज ही एका अर्थाने हालचालींचीच शिस्त आहे. म्हणजे ज्या कृतीसाठी वास्तू उभी राहिली, नेमकी तीच कृती त्या काळच्या कॅमेऱ्याला अदृश्य होती. उलट छायाचित्रकाराने 'हलू नकोस' असे बजावून खांबाशी उभा केलेला एखादा शिपाई किंवा हमाल मात्र स्पष्ट उमटे. त्याचे प्रयोजन एवढेच, की त्याच्या उंचीवरून कमानीची उंची कळावी. प्रार्थना करणारा माणूस नाहीसा झाला आणि मोजपट्टी म्हणून उभा केलेला माणूस उरला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

रंगांचेही असेच झाले. तेव्हाच्या रासायनिक लेपाला निळा प्रकाश लवकर जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे पडे आणि तांबडा वालुकाश्म काळवंडे. जामा मशिदीचे देखणेपण तर तांबड्या दगडात बसविलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांत आहे. प्रत्यक्षात हा विरोध उबदार आहे. सायंकाळी तर तो जवळजवळ विरघळून जातो. जुन्या छायाचित्रांत मात्र तो काळ्यापांढऱ्याचा कठोर विरोध झाला, आणि मशीद आहे त्याहून गंभीर, उदास आणि प्राचीन भासू लागली. 'भग्न वैभव' या कल्पनेला ही उदासी सोयीची होती.

तथापि सगळा दोष रसायनांवर ढकलता येत नाही. १८५० नंतर काचेच्या ओल्या निगेटिव्हची पद्धत रूढ होऊ लागली आणि झाकण उघडे ठेवण्याचा काळ काही सेकंदांवर आला. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये दिल्लीत आला तो याच पद्धतीची सामग्री घेऊन. पण त्या वर्षी जामा मशिदीत नमाज होतच नव्हता. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत जिंकल्यावर मशीद जप्त झाली, तेथे सैन्याची छावणी पडली, ती पाडून टाकावी अशाही सूचना पुढे आल्या. १८६२ मध्ये ती काही अटींवर मुसलमानांच्या समितीकडे परत देण्यात आली. तेव्हा या पाच वर्षांत कोणीही तेथे छायाचित्र घेतले असते तरी त्यात नमाजी दिसणे शक्य नव्हते.

म्हणजे रिकाम्या अंगणाची कारणे दोन झाली. एक, माणसे होती पण हलत होती म्हणून उमटली नाहीत. दुसरे, माणसांना येऊ दिले जात नव्हते. छायाचित्रात दोन्ही रिकामेपणे अगदी सारखी दिसतात. त्यांतील भेद छायाचित्र स्वतः सांगू शकत नाही; तो कळण्यासाठी शेजारी एखादे लिखाण ठेवावे लागते.

ते लिखाण उर्दूत आहे. गालिब या काळात दिल्लीतच, बल्लीमारान मोहल्ल्यात राहत होता. त्याने मित्रांना व शिष्यांना लिहिलेल्या पत्रांत शहर कसे पाडले जात आहे याची बातमी येते, तीही विलापाच्या सुरात नव्हे. कोठला बाजार गेला, कोठली गल्ली ओळखू येत नाही, हे तो एखाद्या कारकुनाने यादी करावी तसे सांगतो, मध्येच थट्टा करतो, आणि त्या कोरडेपणामुळेच वाचणारा हादरतो. उर्दू बाजार आणि खानम बाजार नाहीसे झाल्याचे त्याच्याच पत्रांतून कळते. मीर मेहदी मजरूह याला लिहिलेल्या एका पत्रात, जामा मशिदीपासून राजघाट दरवाजापर्यंत आता ओसाड रान झाले आहे, हे सांगताना आपण अतिशयोक्ती करीत नसल्याचे तो बजावतो. ही ओसाडी दैवी नव्हती. किल्ल्यातून तोफांचा मारा विनाअडथळा करता यावा यासाठी किल्ला आणि मशीद यांच्यामधली वस्ती योजनापूर्वक साफ करण्यात आली होती. शाहजहानची बेगम अकबराबादी महल हिने १६५० मध्ये बांधविलेली अकबराबादी मशीदही यातच गेली.

सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्या छायाचित्रकारांच्या चित्रांत जामा मशीद दुरून, समोर विस्तीर्ण मोकळी जागा असताना, संपूर्ण दिसते : पायऱ्या, दरवाजा, तीन घुमट, दोन मिनार, काहीही न कापता. रचनेच्या दृष्टीने ही छायाचित्रे उत्कृष्ट आहेत, यात संशय नाही. परंतु वास्तू संपूर्ण दिसण्यासाठी अंतर लागते आणि दाटीच्या शहरात अंतर आपोआप मिळत नाही. शाहजहानाबादच्या रहिवाशाला मशीद कधीच अशी दिसली नसेल. त्याला ती गल्लीच्या टोकाशी घुमटाच्या कडेने, छपरांच्या वर मिनाराच्या शेंड्याने, बाजारातून वळताना अचानक उघडणाऱ्या पायऱ्यांनी दिसे. आपण ज्याला जामा मशिदीचे अभिजात दृश्य म्हणतो, ते त्या मोकळ्या जागेवरून घेतलेले आहे, आणि ती मोकळी जागा म्हणजे पाडलेल्या घरांचा चौथरा आहे. गालिबचे ओसाड रान आणि छायाचित्रकाराचा सुंदर अग्रभाग ही एकच जमीन होय.

हा प्रकार इंग्रजांबरोबर संपला असे मात्र समजू नये. आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, मशिदीला लागून असलेली दुकाने व टपऱ्या हटविण्यात आल्या. त्यासाठी वापरलेला शब्द होता 'सौंदर्यीकरण'. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जवळच तुर्कमान दरवाजाशी घरे पाडताना गोळीबार झाला. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. सौंदर्य ही येथे वास्तूला नव्याने द्यावयाची वस्तू नव्हती, ती सव्वातीनशे वर्षे तेथेच होती. नव्याने द्यावयाचे होते ते न अडलेले दृश्य. शंभरांहून अधिक वर्षे छायाचित्रांनी शिकविलेली नजर आता शहराकडून त्या छायाचित्राप्रमाणे वागण्याची अपेक्षा करू लागली होती.

अंतराचा मोह विद्वानांनाही सुटला नाही. हिंदी वास्तुकलेचा पहिला व्यवस्थित इतिहास लिहिणारा जेम्स फर्ग्युसन प्रथम नीळ व्यापारातला माणूस. त्याने तारुण्यात येथे पुष्कळ प्रवास केला. परंतु १८७६ चा त्याचा ग्रंथ तयार झाला तो लंडनमध्ये, आणि आपल्यापाशी हिंदी इमारतींची तीन हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत व त्यांचा आपण सतत वापर केला आहे, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. शैलींची तुलना व वर्गीकरण यांसाठी हा संग्रह अमोल होता. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ही अवस्था ओळखीची वाटेल. आपणही अनेकदा भाषांतरांच्या ढिगाऱ्यातून साहित्यांची तुलना करतो आणि मूळ भाषेचा आवाज कानी न पडताच निष्कर्ष काढतो.

याच संदर्भात आपल्या जुन्या मुंबई इलाख्याकडे वळणे सयुक्तिक होईल, कारण तेथील एक उदाहरण या विवेचनाला छेद देते. मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी आणि स्वतः कुशल छायाचित्रकार होते. सरकारने थॉमस बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्यास विजापूर, अहमदाबाद इत्यादी ठिकाणच्या इमारतींची छायाचित्रे घेण्यास नेमले. बिग्जच्या छायाचित्रांचा अहमदाबादवरील ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला निघाला. मजकूर थिओडोर होप व फर्ग्युसन यांचा, आश्रय प्रेमचंद रायचंद यांचा. अहमदाबादेतील सिद्दी सय्यदची मशीद १५७२-७३ मधली, म्हणजे गुजरातच्या सल्तनतीच्या अगदी अखेरची. छोटी, साधी, आणि अर्धवर्तुळाकार दगडी जाळ्यांसाठी जगप्रसिद्ध. इंग्रजी अंमलात तेथे मामलेदाराची कचेरी होती. लॉर्ड कर्झनच्या काळात ती हलविली गेली. मशिदीचे मोल सरकारी डोळ्यांत चढले त्यात जाळ्यांच्या छायाचित्रांचा आणि प्रतिकृतींचा वाटा मोठा, हे मान्य केले पाहिजे. येथे भिंग जवळ गेले, आणि जवळ गेल्यामुळे कोणाचे घर पाडावे लागले नाही.

तरीही जाळीचे छायाचित्र पाहिल्यावर एक गोष्ट खटकते. बाहेरून घेतलेल्या चित्रात दगडातील वृक्ष उजळ आणि पोकळ्या काळ्या. आतून घेतलेल्या चित्रात पोकळ्या उजळ आणि वृक्ष काळा. आत बसलेल्या माणसाचा डोळा दोन्हींमध्ये ये-जा करीत राहतो, दगडावरील कोरीव रेषाही पाहतो आणि प्रकाशही. कॅमेऱ्याला एकाच क्षणी एकच साधता येते. त्यातून बाहेरचे चित्र जिंकले. त्याचीच पुढे टपालातली चित्रे झाली, हस्तव्यवसायाचे नमुने झाले, आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे बोधचिन्हही त्या वृक्षावरूनच घेतले गेले.

पुन्हा दिल्लीकडे येऊ. छायाचित्राच्या तोडीचा, त्याच सुमाराचा आणि त्याच वास्तूंविषयीचा एक ग्रंथ आपल्यापाशी आहे : सर सय्यद अहमद खान यांचा 'आसार-उस-सनादीद'. पहिली आवृत्ती १८४७ ची, शिळाछापाच्या चित्रांसह. तेव्हा ते दिल्लीत मुन्सफ होते. कुतुबमिनारावरील उंच शिलालेख खालून वाचता येत नसत, म्हणून दोरांनी टांगलेल्या शिंक्यासारख्या साधनात बसून ते वर जात आणि अक्षरे उतरवून घेत, आणि खाली त्यांचे स्नेही इमामबख्श सहबाई भीतीने पांढरे पडत, असा वृत्तांत हाली यांच्या चरित्रग्रंथात आला आहे. वास्तू पाहण्याची ही रीत भिंगाच्या रीतीहून मुळातच वेगळी. येथे पाहणे म्हणजे वाचणे, आणि वाचण्यासाठी जिवाला धोका पत्करून जवळ जाणे.

जामा मशिदीच्या कमानींवरही फारसी शिलालेख आहेत, पांढऱ्या संगमरवरात काळ्या दगडाने भरलेले. त्यांत बादशहाची प्रशस्ती आहे, बांधकामाचा सहा वर्षांचा काळ आणि दहा लक्ष रुपयांचा खर्च नोंदलेला आहे; मधल्या महाकमानीवर 'या हादी' अशी मार्गदर्शक परमेश्वराला हाक आहे. नेहमीच्या छायाचित्रांत ही सगळी अक्षरे नक्षीची एक पट्टी होऊन बसतात. वास्तूचा बोलणारा भाग त्यामुळे शोभेचा होतो. सय्यद अहमद यांच्या ग्रंथात नेमका तो भाग बोलतो.

त्याहून मोलाचे म्हणजे त्या ग्रंथात पायऱ्या आहेत. छायाचित्रांत त्या म्हणजे भूमितीच्या आडव्या रेषा. ग्रंथात तिन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर काय काय चाले याचे वर्णन येते : कबाब आणि फालुदा विकणारे, पाखरांचे सौदे, कापडाचे ढीग, आणि दिवस कलल्यावर मोढा टाकून बसणारा दास्तानगो, त्याच्याभोवती श्रोत्यांचे कोंडाळे. नमाजाला वर जाणारा मनुष्य या गर्दीतून वाट काढूनच वर जाई. बाजार हे मशिदीला लागलेले गालबोट होते, असे त्या वर्णनात कोठेही सूचित होत नाही.

उर्दूच्या साहित्यविचारात तर या पायऱ्यांना प्रमाणग्रंथाचे स्थान मिळाले. महंमद हुसेन आझाद यांनी 'आब-ए-हयात' (१८८०) मध्ये मीर तकी मीरची एक आख्यायिका दिली आहे. लखनौचे काही प्रतिष्ठित गृहस्थ मीरकडे कविता ऐकावयास गेले असता, ती तुम्हांला कळणार नाही, असे त्याने सांगितले. आम्हांला अन्वरी-खाकानी कळतात, मग तुमची का कळू नये, असे त्यांनी विचारले. त्यावर मीरचे म्हणणे असे, की त्या कवींसाठी टीका आणि कोश उपलब्ध आहेत. माझ्या कवितेला आधार आहे तो दिल्लीकरांच्या बोलीचा, किंवा जामा मशिदीच्या पायऱ्यांचा. आझादांच्या आख्यायिका पारखून घ्याव्या लागतात, हे खरेच. पण ही खोटी असली तरी खोटी का वाटली नाही, हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाचकाला मशिदीच्या पायऱ्या म्हणजे भाषेची टांकसाळ, हे सांगताच पटत होते.

गंमत अशी, की ग्रंथातूनही माणसे काढली गेली. पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या प्रकरणात दिल्लीतील नामांकित माणसांची चरित्रे होती : सूफी, हकीम, कवी, हाफिज, सुलेखनकार, गवई. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण गाळले गेले. तोवर सय्यद अहमद यांचा इंग्रज पुरातत्त्वप्रेमी वर्तुळाशी संबंध आला होता. दुसरी आवृत्ती अधिक शास्त्रीय, काटेकोर, कालानुक्रमाची झाली, आणि गार्सां द तासी यांनी फ्रेंचमध्ये उतरविली तीही अशीच. तीन वर्षांनी बंडाची धामधूम उडाली व त्या गाळलेल्या माणसांपैकी काही मारली गेली, काही परागंदा झाली. शिंक्याखाली उभे राहून काळजी करणारे सहबाईही १८५७ मध्ये इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. शास्त्रीयतेच्या नावाखाली वास्तू आणि माणूस यांची फारकत छायाचित्राने सुरू केली असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. फारकत आधीच चालू होती. कॅमेऱ्याने तिला दृश्य रूप दिले.

१८८० च्या सुमारास कोरड्या काचा आल्या आणि क्षणार्धात छायाचित्र घेता येऊ लागले. आता नमाजी दिसू लागले, पण कसे? उंचावरून, हजारोंच्या रांगांत, सिजद्यात वाकलेले, चेहरे जमिनीकडे. ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हे चित्र आजही ठरलेले असते, आणि जागा उरली तर त्याखाली गळाभेट घेणारी दोन मुले! पूर्वी माणसाची मोजपट्टी झाली होती, आता त्याची नक्षी झाली. रघु राय यांच्या जुन्या दिल्लीच्या छायाचित्रांचे महत्त्व मला येथे वाटते. त्यांत मशीद शहरात राहते; कोणी तरी तिच्यापुढून काही कामाने जात असतो, आणि ते काम मशिदीइतकेच महत्त्वाचे दिसते. त्या चित्रांतले सौंदर्य अंतरातून आलेले नाही.

नमाजी स्वतः काय पाहतो? रांगेत उभा असताना समोरची कमान, पुढच्याची पाठ; वाकल्यावर पायांखालचा दगड. मशिदीच्या आतल्या भागात पांढऱ्या संगमरवरावर काळ्या रेषांनी एकेका माणसापुरते मुसल्ले आखलेले आहेत. बादशहाच्या वास्तूतील ही सर्वांत जवळून पाहिली गेलेली कलाकृती असावी, कारण तिला कपाळ टेकते. तिची छायाचित्रे फार थोडी आहेत. जमीन ही काही पाहण्याची गोष्ट नव्हे, असे भिंगाला वाटते.

आमच्या वर्गात 'आसार-उस-सनादीद'मधील उतारे आणि १८६० नंतरची छायाचित्रे एकत्र ठेवून वाचण्याचा प्रयोग आम्ही करतो. विद्यार्थी प्रथम छायाचित्राकडे धावतात, हे स्वाभाविकच आहे. मग कोणी तरी विचारतो, की पायऱ्यांवरचे लोक गेले कोठे. आणि तेथून गालिबच्या पत्रांकडे वळणे सोपे जाते. अहमद अली यांच्या 'ट्वायलाइट इन दिल्ली' (१९४०) या इंग्रजी कादंबरीतील १९११ च्या दरबारी मिरवणुकीचा प्रसंगही याच मालिकेत वाचावा. मिरवणुकीची छायाचित्रे मशिदीला पार्श्वभूमी करतात. कादंबरीतला मीर निहाल मात्र मशिदीपाशी उभा राहून मिरवणूक पाहतो, आणि त्याला समोरच्या वैभवाऐवजी १८५७ आठवते. येथे मशीद खऱ्या अर्थाने जहाँनुमा आहे.

२०१२ च्या जुलैत दिल्लीत सुभाष उद्यानाजवळ भुयारी रेल्वेसाठी खोदकाम चालू असता जुन्या भिंती लागल्या. ही अकबराबादी मशीदच काय, असा वाद उभा राहिला, लोक जमले, प्रकरण न्यायालयात गेले. दीडशे वर्षांपूर्वी तोफांच्या वाटेतून दूर केलेली ती वास्तू कशी होती, हे पाहण्यासाठी तेव्हा साऱ्यांनी जो ग्रंथ उघडला, तो 'आसार-उस-सनादीद' होता.